छत मोडलेलं दिसतंय, पण बिघाड खोलीत आहे

तुमची तक्रार थोडक्यात अशी: चीफ आर्किटेक्ट या घराचे आराखडे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एल आकाराचं घर काढलंय. मोठी बाजू ८ मीटर रुंद, आडवी बाजू ६ मीटर, छताचा उतार ६:१२ (१२ आडवं गेल्यावर ६ चढ). गॅरेजची जमीन बाकी घरापेक्षा ३०० मिमी खाली घेतली आहे. छत आपोआप बांधायला सांगितलं की गॅरेजच्या जोडावर एक अरुंद पट्टी येते आणि बैठकीच्या खोलीवर भोक पडतं. त्या खोलीचं क्षेत्रफळ येत नाही, तिला सीलिंगही नाही. फ्रेमिंग, म्हणजे छताचा लाकडी सांगाडा, तयार केल्यावर काही वासे भिंतीतून बाहेर डोकावतात आणि गॅरेजवर ट्रस (वाशांऐवजीच्या त्रिकोणी कैच्या) उमटतच नाहीत. तुम्ही छताची पाखं, म्हणजे उतरते पृष्ठभाग, एकेक करून ओढूनताणून जुळवून पाहिलीत, पण दुसऱ्या दिवशी भिंत जराशी सरकवली आणि सगळं पुन्हा विस्कटलं.

पाखं ओढणं आधी थांबवा. या लक्षणांपैकी जवळजवळ एकाचंही मूळ छतात नाही.

अशा सॉफ्टवेअरची विचार करण्याची एक ठरलेली साखळी असते. भिंती मिळून बंद आकार झाला तर खोली. खोली झाली तरच तिला जमीन, सीलिंग आणि उंची. त्या उंचीवरून भिंतीचा माथा ठरतो, माथ्यावरून छताची आधाररेषा, म्हणजे बेसलाइन, आणि बेसलाइन व उतारावरून पाखं. फ्रेमिंग सर्वांत शेवटी येतं. ते पाखं, सीलिंग आणि जमीन यांच्या मधल्या जागेत बसवलं जातं. वरच्या कडीतली चूक खालच्या प्रत्येक कडीत उतरते आणि बहुतेक वेळा छतावर येऊन दिसते, कारण छत सगळ्यांत मोठं आणि नजरेत भरणारं असतं. म्हणून तपासणी नेहमी याच क्रमाने करायची, उलट दिशेने कधीच नाही.

तर सुरुवात बैठकीच्या खोलीपासून. प्लॅनमध्ये तिच्या मधोमध क्लिक करा. खोली बंद असेल तर तिच्याच चार भिंतींपुरती निवड दिसेल. निवड शेजारच्या खोलीत पसरली किंवा काहीच निवडलं गेलं नाही, तर कुठेतरी फट आहे. तुमच्या वर्णनावरून ही खोली सॉफ्टवेअरच्या लेखी घराबाहेरची मोकळी जागा झालेली आहे. म्हणून क्षेत्रफळ नाही, सीलिंग नाही, आणि वर छतही नाही. ते भोक म्हणजे छत बांधण्यातली चूक नाही. तिथे घर आहे हेच सॉफ्टवेअरला माहीत नाही.

फट शोधायला प्रत्येक कोपऱ्यावर भरपूर झूम करा. ३ किंवा ४ मिमीची फट नेहमीच्या झूमवर कधीच दिसत नाही, कारण भिंतीची रेषाच तेवढी जाड दिसते. सर्वांत आधी एल आकाराचा आतला कोपरा पाहा. तिथे तीन भिंती येतात आणि एखादी ओढताना दुसरीच्या अलीकडे थांबते. भिंत निवडून तिचं टोक दुसऱ्या भिंतीच्या आत न्या आणि सोडा, जोड आपोआप बसतो. कोपरे ठीक निघाले तर प्रत्येक भिंतीच्या गुणधर्मांत ‘नो रूम डेफिनिशन’ हा पर्याय चुकून चालू आहे का ते बघा. तो चालू असलेली भिंत दिसते, दार-खिडकीही घेते, पण खोलीची सीमा ठरवत नाही. सजावटीच्या अर्ध्या भिंतींसाठी तो फार उपयोगी आहे. बाहेरच्या भिंतीवर तो चालू राहिला की अख्खी खोली जाते.

याउलट, बैठक आणि जेवणाची जागा उघड्याच ठेवायच्या असतील पण सीलिंगची उंची वेगळी हवी असेल, तर मध्ये अदृश्य भिंत किंवा रूम डिव्हायडर टाका. भिंत नाही म्हणजे खोली वेगळी नाही, आणि खोली वेगळी नाही तर उंचीही वेगळी देता येत नाही. नवशिक्यांच्या निम्म्या अडचणी या एका गोष्टीपाशी अडकलेल्या मी पाहिल्या आहेत.

इतर सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी इथेच दोन शब्द. रेव्हिटमध्ये खोली नीट बंदिस्त भागात नसल्याचा इशारा येतो तेव्हा भिंतीचा ‘रूम बाउंडिंग’ पर्याय तपासावा. भिंत लिंक केलेल्या मॉडेलमधली असेल तर त्या लिंकच्या टाइप गुणधर्मांतही तो चालू करावा लागतो, हे बरेच जण विसरतात. स्वीट होम थ्रीडीमध्ये खोली काढण्याचं साधन घेऊन बंद भिंतींच्या आत डबल-क्लिक केलं की खोली भरली जाते. भरली नाही तर फट आहे, इतकी सरळ परीक्षा. स्केचअपला खोली ही कल्पनाच नाही, तिथे फक्त पृष्ठभाग आणि कडा असतात. त्यामुळे छताचा पृष्ठभाग भरत नसेल तर कडा एकाच प्रतलात आहेत का एवढंच बघायचं.

आता गॅरेज, कारण ती पट्टी तिथून येते. हा भाग सावकाश वाचा.

तुम्ही गॅरेजची जमीन ३०० मिमी खाली घेतलीत आणि खोलीची उंची बाकी घरासारखीच २७०० ठेवलीत. स्वाभाविक आहे, उंची बदलायची नव्हती, म्हणून बदलली नाही. पण खोलीची उंची जमिनीपासून मोजतात. जमीन ३०० ने खाली गेली, तर सीलिंगही ३०० ने खाली गेलं, भिंतीचा माथाही गेला. मजल्याच्या शून्य पातळीपासून मोजलं तर घराचा माथा २७०० वर आहे आणि गॅरेजचा २४०० वर. दोन्हींवर उतार तोच, बाहेरची भिंत एकाच रेषेत, तरीही पाखं एका प्रतलात बसणं शक्य नाही. ६:१२ म्हणजे १२ आडवं गेल्यावर ६ चढ. उलट्या बाजूने पाहिलं तर ३०० मिमी उंचीचा फरक छताच्या पृष्ठभागाला ६०० मिमी आडवा सरकवतो. तुम्हाला दिसणारी पट्टी म्हणजे त्या दोन समांतर पाखांमधली पायरी. मोजून पाहा: जोडापाशी तिची उभी उंची ३०० मिमीच भरेल. भरली, तर निदान पक्कं.

यावर उपाय दोन, आणि कोणता निवडायचा हे तुम्हाला छत कसं हवंय यावर अवलंबून आहे. छत सलग हवं असेल तर गॅरेजच्या खोलीची उंची ३००० करा, म्हणजे सीलिंगची पातळी पुन्हा २७०० वर येईल. आतून गॅरेज उंच वाटेल, पण भिंतीचा माथा सगळीकडे सारखा होईल आणि पाखं एक होतील. गॅरेजचं सीलिंग खरोखरच खाली हवं असेल, तर मूळ सीलिंग तिथेच ठेवून त्याखाली वेगळं खालचं सीलिंग द्या; भिंतीचा माथा हलवू नका. छत बांधण्याच्या सेटिंगच्या खिडकीत ‘सेम रूफ हाइट ॲट एक्स्टीरियर वॉल्स’ असा पर्याय आहे. तोही पाखांची पातळी जुळवतो, पण भिंतींच्या उंचीतली विसंगती तशीच मागे राहते आणि पुढे फ्रेमिंगमध्ये वर येते. मी तो शेवटचा मार्ग म्हणून ठेवतो.

दुसरा उपाय म्हणजे गॅरेजचं छत मुद्दाम खाली ठेवणं. तसं करायचं असेल तर ते ३०० मिमीने नको. इतकी लहान पायरी बांधकामात त्रासदायक असते, तिथे पाणी अडवायचा पत्रा नीट बसवायला जागाच उरत नाही. छत इतकं खाली घ्या की वरच्या घराची भिंत मध्ये स्पष्ट दिसेल.

तुमच्या फाइलमध्ये आणखी एक शक्यता आहे. बाहेरच्या भिंतीला विटांचा थर असेल आणि एखाद्या तुकड्याची आतली बाजू बाहेर गेली असेल, तर बेसलाइन तेवढ्याच तुकड्यावर सरकते. कारण ती भिंतीच्या बाहेरच्या रंगावर नसून मुख्य थराच्या बाहेरच्या कडेवर बसते. प्लॅनमध्ये थर दाखवून बघा. उलटी असेल तर ती भिंत निवडून थर उलटवा. छत दोन बारीक तुकड्यांत फुटतं आणि उंची तर सगळीकडे सारखी असते, तेव्हा बहुतेक वेळा हेच कारण निघतं. एका रेषेत दिसणाऱ्या दोन भिंती प्रत्यक्षात २-३ मिमी मागेपुढे असल्या तरी अगदी असंच होतं.

गेबलबद्दल थोडक्यात. गेबल, म्हणजे छताच्या टोकाचा भिंतीचा त्रिकोण, ही छताची नव्हे, भिंतीची सेटिंग आहे. ज्या भिंतीवर त्रिकोण हवा, तिच्या रूफ पॅनेलमध्ये ‘फुल गेबल वॉल’ लावायचं. ती भिंत दोन तुकड्यांत असेल तर दोन्हींना लावा, नाहीतर अर्ध्यावर गेबल आणि अर्ध्यावर उतरतं पाखं येईल. शक्य असेल तर तुकडे जोडून एकच भिंत करा.

भिंती, खोल्या आणि उंची नीट झाल्या की फाइलची प्रत ठेवा, हाताने ओढलेली सगळी पाखं काढून टाका आणि छत नव्याने बांधा. हळहळ वाटेल, कारण त्यात तुमची मेहनत आहे. पण त्यातलं प्रत्येक पाखं चुकीच्या माथ्यावरून मोजलेलं आहे. नवं छत समाधानकारक झालं आणि तरीही काही भाग हाताने बदलायचा असेल, तर आधी ऑटो रिबिल्ड, म्हणजे छत आपोआप पुन्हा बांधण्याचा पर्याय, बंद करा. ते चालू असताना केलेला प्रत्येक हातबदल पुढच्या भिंतीच्या हालचालीला पुसला जातो. तुमचं दुसऱ्या दिवशीचं विस्कटणं हेच होतं. हाताने काम करताना पाख्याची कड दुसऱ्या पाख्याला जुळवायला जॉइनचं साधन वापरा, कड नजरेने ओढू नका. आणि बेसलाइन हलवू नका. ती हलली की पाख्याची उंचीच बदलते, आणि ते लगेच लक्षात येत नाही.

उतार भरताना एककाकडे बघा. ३० अंश मनात धरून १२ पैकी उताराच्या खान्यात ३० लिहिलं, तर छत ६८ अंशांहून जास्त उभं राहतं. ६:१२ म्हणजे २६.५७ अंश, १२:१२ म्हणजे ४५.

आढ्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच येणार आहे. ८ मीटरच्या बाजूवर अर्धी रुंदी ४ मीटर, म्हणून आढं भिंतीच्या माथ्यापासून २ मीटर वर. ६ मीटरच्या बाजूवर अर्धी ३ मीटर, म्हणून दीड मीटर. आडव्या बाजूचं आढं ५०० मिमी खाली राहणार आणि मोठ्या पाख्यात जाऊन थांबणार. हे बरोबर आहे, दोष नाही. दोन्ही आढी एकाच पातळीवर हवी असतील तर अरुंद बाजूचा उतार ८:१२ करावा लागेल. मग वळचणी जुळणार नाहीत: ६०० मिमी बाहेर काढलेलं पाखं ६:१२ वर ३०० मिमी खाली उतरतं, ८:१२ वर ४०० मिमी. वळचणीची पाटी दोन्हीकडे एकाच उंचीवर ठेवायची असेल तर ८:१२ च्या बाजूला छत ४५० मिमीच बाहेर काढा. व्हॅली, म्हणजे दोन पाखं आतल्या कोपऱ्यावर मिळतात ती रेषा, तीही तेव्हा प्लॅनमध्ये ४५ अंशांवर राहणार नाही, तिरकी जाईल, आणि तेही बरोबरच आहे. माझं मत विचाराल तर आढी वेगळ्या उंचीवर राहू द्या. बांधायला सोपं, दिसायला शांत.

आता फ्रेमिंग. बाहेर डोकावणारे वासे बहुधा जुन्या छताचे आहेत. फ्रेमिंग आपोआप पुन्हा बांधण्याचा पर्याय बंद असेल तर ते त्या क्षणीच्या छताचं चित्र असतं. छत बदललं तरी वासे जिथे होते तिथेच उभे राहतात. म्हणून छत नक्की होईपर्यंत फ्रेमिंगला हातच लावू नका. झालं असेल तर सगळं काढा आणि शेवटी एकदाच तयार करा.

तरीही वासे वर आले तर जाडीचा मेळ तपासा. समजा छत १४० मिमीच्या वाशांवर बांधलं होतं आणि तुम्ही नंतर २३५ चे केलेत. वासा तिरका असल्याने त्याची उभी खोली त्याच्या जाडीपेक्षा जास्त असते: ६:१२ वर २३५ मिमीचा वासा उभ्या मापात सुमारे २६३ मिमी भरतो. भिंतीवर टेकण्याची जागा तीच राहिली तर छताचा वरचा पृष्ठभाग सुमारे १०६ मिमी वर जातो. वळचणीची पाटी, पन्हळ, वरच्या मजल्याच्या खिडकीचा उंबरा, सगळ्यांचं अंतर बदलतं. वाशाची जाडी फ्रेमिंगमध्ये नाही, छताच्या सेटिंगच्या खिडकीतच बदला आणि मग छत पुन्हा बांधा. टेकण्याच्या जागी वाशाला खाच पडते तीही बघा. ८९ मिमीच्या भिंतीवर पूर्ण टेकवलं तर ६:१२ वर खाच उभ्यात सुमारे ४५ मिमी येते. १४० च्या भिंतीवर ७० मिमी. उतार तीव्र आणि वासा बारीक असेल तर ही खाच वाशाचा मोठा भाग खाऊन टाकते. सॉफ्टवेअर ती निमूटपणे काढून दाखवतं.

गॅरेजवर ट्रस का येत नाहीत? ट्रसला वर पाखं लागतं आणि खाली सीलिंग, त्या दोन्हींमधली जागा म्हणजे ट्रस. गॅरेजच्या खोलीच्या स्ट्रक्चर पॅनेलमध्ये ‘फ्लॅट सीलिंग ओव्हर धिस रूम’ बंद असेल, तर सीलिंग थेट छताच्या पोटाला चिकटतं आणि मधली जागा शून्य होते. तो पर्याय चालू करा. ट्रसची रेषा दोन्ही आधारभिंतींच्या पलीकडे, वळचणीपर्यंत काढा. छताच्या सेटिंगच्या खिडकीत ‘ट्रसेस, नो बर्ड्समाउथ’ निवडा (बर्ड्समाउथ म्हणजे वाशाची टेकण्याची खाच), नाहीतर छत वाशांच्या खाचेचा हिशोब धरून बसतं. पुढे कधी बैठकीला तिरकं सीलिंग हवं झालं तर तिथे वेगळं सीलिंग प्लेन काढा. ट्रस त्याच्या तिरकेपणानुसार आकार घेईल.

वाशांमधलं अंतर एका पद्धतीत ठेवा. ४०० मिमीवर वासे आणि त्यांच्यावर ठोकायचे २४४० मिमीचे तक्ते असा मिलाफ केलात तर पहिल्याच तक्त्याची कड सहाव्या खणाच्या पुढे ४० मिमी हवेत राहते. २४४० च्या तक्त्याला वाशांचं अंतर ४०६, २४०० च्या तक्त्याला ४००.

एक गोष्ट सॉफ्टवेअर कधीही सांगणार नाही, म्हणून मी ठासून सांगतो. बैठकीवरचं सपाट सीलिंग काढून छत आतून उघडं ठेवण्याचा मोह तुम्हाला होईल. पडद्यावर ते फार सुंदर दिसतं आणि एका टिचकीत होतं. पण सपाट सीलिंगच्या आडव्या लाकडांनी दोन्हीकडच्या वाशांचे पाय बांधून ठेवलेले असतात. ती काढली की छताच्या वजनाने वासे भिंतींना बाहेर ढकलू लागतात. आढ्यावरची साधी पाटी तेव्हा पुरत नाही. तिथे दोन्ही टोकांना आधार असलेली खरी तुळई लागते, किंवा वाशांच्या खालच्या भागात आडवे बांध लागतात. मॉडेलमध्ये दोन्ही प्रकार सारखेच नीटनेटके दिसतील, कुठेही लाल खूण येणार नाही. फ्रेमिंगचं चित्र म्हणजे भाराचा हिशोब नाही. तुळई, तिच्या टोकांचे खांब आणि त्यांच्याखालचा पाया स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच काढून घ्या, आणि तेही छत उघडं ठेवायचं ठरवण्याआधी.

सगळं पुन्हा बांधून झालं की थ्रीडीत फिरून समाधान मानू नका. थ्रीडीत २० मिमीची फट सावलीत लपते. तीन ठिकाणी घराचा उभा छेद घ्या: गॅरेज आणि घराच्या जोडावर, ६ मीटरच्या बाजूच्या मध्यावर, आणि गेबलच्या भिंतीपासून थोडं आत. प्रत्येक छेदात जमिनीची वरची पातळी, भिंतीचा माथा, सीलिंग आणि वाशाची खालची कड हे चार आकडे मोजा. जोडावरच्या छेदात छताची रेषा अजूनही दुहेरी दिसली, तर घर आणि गॅरेज दोन्हीकडचे हे चार आकडे आणि त्या भिंतींची नावं लिहून पाठवा. तेवढ्यावरून कोणती कडी सुटली आहे ते सांगता येईल.